लेकीचे शिक्षण आणि आपल्या पिशव्यांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर या मंडळात मी शिवणयंत्रामागे बसले, सतरंज्या घातल्या, संक्रांतीला तिळगूळ वाटला. पण माइकपुढे कधी उभी राहिले नव्हते. महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमची थोरली एम.टेक. करते आहे. ते शिक्षण काय असते, ते आपल्या बायकांना समजेल असे सांगा." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. मी एम.टेक.वर काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला. तुम्हाला जेवढे समजले तेवढेच सांगा, म्हणजे आम्हा सगळ्यांना समजेल." हा मान होता की टोमणा, हे मला अजून उमगलेले नाही. पण मी कबूल झाले खरी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बोलता बोलता शेवटी मी आपल्या मंडळाच्याच एका कामाला नाव ठेवणार आहे. त्या कामात सगळ्यांत मोठा हात माझाच आहे. तेव्हा रागवायचे झाले तर आधी माझ्यावर रागवा.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. पुढचे हायस्कूल सहा किलोमीटरवर. भावाला सायकल मिळाली, मला मिळाली नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घरात एकच सायकल घेण्याइतके पैसे होते, आणि ती कोणाला द्यायची याचा विचार करावा असेही कोणाला वाटले नाही. मला वाईट वाटले ते एवढ्यासाठी, की मला गणित फार आवडत असे. त्रैराशिक, सरासरी, शेकडेवारी इथपर्यंत मी पोचले आणि तिथेच थांबले. हे आज सांगते त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले. यजमान फाउंड्रीत मोल्डर. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागांत लोखंडाचे ओतकाम किती चालते ते तुम्हाला सांगायला नको. आपल्यापैकी कितीजणींची चूल त्या भट्ट्यांवरच पेटते. फाउंड्रीतल्या माणसाचे कपडे धुणे म्हणजे काय, हेही तुम्ही जाणता. कपडे भिजत घातले की घटकाभराने बादलीच्या तळाशी काळी वाळू बसते. थोरली तेव्हा पाचवीत असेल. ती बादलीत हात घालून म्हणाली, "आई, ही वाळू नदीतलीच ना? मग काळी कशी?" मी म्हटले, "बाबांना विचार."

रात्री बाबांनी तिला सांगितले, की ही साच्याची वाळू. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकण माती, कोळशाची पूड आणि बेताचे पाणी मिसळतात, म्हणून ती काळी. तिचा साचा करतात आणि चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले पातळ लोखंड त्यात ओततात. निवले की साचा फोडून माल काढतात.

"मग त्या वाळूचं काय करता?"

"पुन्हा वापरतो. जी फार जळते ती टाकून देतो."

"कुठे?"

या "कुठे"ला बाबांकडे उत्तर नव्हते. ट्रॅक्टर येतो आणि घेऊन जातो, एवढेच त्यांना माहीत. भगिनींनो, माझी मुलगी आज चोवीस वर्षांची आहे आणि अजून ती त्या "कुठे"च्याच मागे आहे. तिचे सगळे शिक्षण मला तरी यातूनच निघालेले दिसते.

दहावीनंतर तिने डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि एक वर्ष कारखान्यात नोकरी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने गेट नावाची परीक्षा दिली आणि त्याच वर्षी तिला परराज्यातल्या एका सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला. विषयाचे नाव तिने फोनवर सांगितले ते मी पाटीवर लिहून घेतले. शाश्वत पदार्थ आणि उत्पादन अभियांत्रिकी.

या नावाने गल्लीत बरीच करमणूक झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पदार्थ? म्हणजे आता एम.टेक.ला स्वयंपाकही शिकवतात होय?" आणि मला स्वतःला शाश्वत म्हटल्यावर कीर्तनातले बुवा डोळ्यांपुढे आले. पुढे खुलासा झाला, की पदार्थ म्हणजे ज्यापासून वस्तू करतात तो माल. लोखंड, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, सिमेंट, काच, कापड. मग एका बाईंनी, त्या आज इथे नाहीत, मला तोंडावर म्हटले, "म्हणजे एवढी शिकून पोरगी कचराच मोजणार." ते मला लागले. चोवीस वर्षांची मुलगी, लग्नाच्या गोष्टी बाजूला ठेवून परमुलखात पाठवली, आणि ती कचरा मोजायला? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला फोनवर स्पष्टच विचारले, "तुला तिथे शिकवतात तरी काय, ते मला सांग. मला कळेपर्यंत सांग."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती मला अर्धा तास शिकवते. मी वही घातली आहे. त्या वहीतलेच आज सांगते.

हे शिक्षण दोन वर्षांचे. पहिल्या वर्षी वर्गातले विषय आणि प्रयोगशाळा, दुसऱ्या वर्षी एकाच प्रश्नावर स्वतःचे संशोधन आणि त्याचा प्रबंध. पहिल्या वर्षी धातू, प्लॅस्टिक, चिनी मातीसारखे भाजून केलेले पदार्थ आणि दोन-तीन वेगळे पदार्थ एकत्र करून केलेले मिश्रपदार्थ, यांचे गुणदोष शिकतात. ओतणे, ठोकणे, कातणे, जोडणे या कारखान्यातल्या रीती शिकतात. अमुक एका कामाला कोणता पदार्थ निवडावा, याचेही शास्त्र आहे. केंब्रिजचे प्राध्यापक मायकेल ॲशबी यांनी त्यासाठी तक्ते तयार केले. एका बाजूला पदार्थाची ताकद आणि दुसऱ्या बाजूला वजन मांडले, की कोणता पदार्थ कुठे बसतो ते नजरेला दिसते. आपण साडी घेताना पोत, रंग आणि किंमत एकदम पाहतो, तसेच ते, फक्त मोजून.

पण या विषयाचे मर्म एका निराळ्या हिशेबात आहे. वस्तू खाणीतून किंवा शेतातून निघाल्यापासून कारखान्यात, दुकानात, आपल्या घरात आणि शेवटी उकिरड्यात जाईपर्यंत तिच्यामागे किती वीज, किती पाणी, किती कोळसा लागला, हवेत किती धूर-वायू गेला, हे सगळे मांडायचे. याला जीवनचक्राचा हिशेब म्हणतात. १९६९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने आपल्या बाटल्या कशाच्या कराव्यात हे ठरवण्यासाठी असा हिशेब करवून घेतला होता, तो या शास्त्रातल्या पहिल्या हिशेबांपैकी एक. आता त्याचे जागतिक नियम ठरले आहेत. आधी हिशेब कशासाठी आणि कुठून कुठपर्यंत ते ठरवायचे, मग जमाखर्च गोळा करायचा, मग त्याचा परिणाम काढायचा आणि शेवटी त्यातून अर्थ लावायचा.

एक उदाहरण देते. आपल्याकडे जर्मनची पातेली असतात, म्हणजे ॲल्युमिनियमची. त्याचा दगड बॉक्साइट, तो आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांत सापडतो. चार-पाच किलो दगडातून एक किलो धातू निघतो, आणि तो काढायला साधारण चौदा युनिट वीज खर्च होते. पण जुने पातेले भंगारात घालून पुन्हा वितळवले, तर त्याच्या शेकडा पाच एवढ्याच उर्जेत काम भागते. हे ऐकल्यापासून मी भंगारवाल्याशी पावशेराची घासाघीस करणे सोडून दिले आहे. तो माणूस किती वीज वाचवतो, हे त्यालाही माहीत नसेल.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपण बायका पहिल्यापासून काटकसरी. जुन्या लुगड्याची गोधडी करतो, डबा फेकत नाही, शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो. मीही लेकीला हेच ऐकवले. म्हटले, "तुझं हे एम.टेक. तुझ्या आजीनं कधीच केलं होतं." ती हसली आणि म्हणाली, "आई, आजीची रीत चांगलीच होती. पण वाया जात नाही असं वाटणं वेगळं आणि मोजून बघणं वेगळं." मला ते जरा उद्धट वाटले. पण पुढे दोन वेळा तिचे म्हणणे खरे ठरले. एकदा तिच्या बाबांच्या बाबतीत, आणि एकदा माझ्या.

बाबांचे असे झाले. ती सुट्टीत आली असताना जेवताना तिने विचारले, "बाबा, शंभर कास्टिंगमध्ये रिजेक्शन किती जातं?" हे म्हणाले, "पाच-सहा जातं. पण आमच्यात वाया काही जात नाही. खराब माल पुन्हा भट्टीत टाकतो, लोखंडाचं लोखंड होतं." ती म्हणाली, "लोखंड परत येतं बाबा, वीज परत येत नाही." तिने हिशेब मांडला. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटांच्या आसपास वीज लागते. आमच्या घरी महिन्याला शंभर युनिट जळतात. म्हणजे खराब झालेला एक टन माल पुन्हा वितळवायचा, तर आमच्या घरच्या सहा महिन्यांच्या दिव्यांइतकी वीज दुसऱ्यांदा जाते. आपल्या देशात निम्म्याहून जास्त वीज दगडी कोळशावर होते, म्हणजे तितका कोळसाही गेला. शिवाय साच्याची वाळू गेली, आणि त्या साच्यामागे राबलेल्या माणसाचा दिवस गेला.

हे काही बोलले नाहीत. हात धुऊन उठले. वीस वर्षे साचे केलेल्या माणसाला घरात पोरीने असे सांगावे, हे त्यांना रुचले नसणार. दोन दिवस घरात बोलणे बेताचेच होते. ती परत गेल्यावर पंधरा दिवसांनी मी फोनवर बोलत असताना हे जवळ आले आणि म्हणाले, "तिला विचार, त्या हिशेबात रिजेक्शन कसं धरतात?" मी फोनच त्यांच्या हातात दिला. बापलेक पाऊण तास बोलत होते. त्या रविवारी माझा पाठ बुडाला.

आता माझे सांगते, आणि आपल्या मंडळाचे.

तुम्हाला आठवत असेल, २०१८ साली आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हा आपण ठरवले, की संक्रांतीचे वाण म्हणून कापडी पिशवी द्यायची. ठाण घाऊक भावाने आणायचे, कापायचे मी, शिवायच्या आपण सात-आठजणी. दर वर्षी दीडशे पिशव्या. त्याचे आपल्याला फार कौतुक वाटते, आणि मला तर सगळ्यांत जास्त. मी हे लेकीला अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "छान. पण एक पिशवी किती वेळा वापरली जाते?" मी म्हटले, "हे कोण मोजतं?" ती म्हणाली, "तू मोज."

मग तिने सांगितले, की सुती कापड काही फुकट जन्माला येत नाही. जगाची सरासरी धरली, तर एक किलो सुती कापडामागे पावसाचे धरून दहा हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. शिवाय खते, औषधे, सूतगिरणीची आणि मागाची वीज, धुलाई आणि रंग. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण खात्याने २०११ साली पिशव्यांचा असा हिशेब छापला. त्यात निघाले, की दुकानात मिळणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली असे धरले, तर हवा तापवण्याच्या बाबतीत तिच्याशी नुसती बरोबरी करायलाही सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. त्यापुढे ती वापरली, तर तिचा फायदा सुरू होतो. म्हणजे आपली कापडी पिशवी डोक्यावर कर्ज घेऊनच घरात येते, आणि वापरू तसतसे ते कर्ज फिटते.

मी ओट्याखालचा खण उघडून पिशव्या मोजल्या. सतरा निघाल्या. मंडळाच्या, लग्नात मिळालेल्या, साड्यांच्या दुकानाच्या, बारशाच्या. आणि इथे माझे सातवीचे गणित उपयोगी पडले. मी आठवड्यातून एकदा मंडईला जाते आणि एक पिशवी नेते. वर्षाचे आठवडे बावन्न. सतरा पिशव्या पाळीपाळीने वापरल्या, तर एकेकीला वर्षातून तीनच वेळा पाळी येते. १३१ वेळा भरायला किती वर्षे? त्रैराशिक मांडले. त्रेचाळीस वर्षांवर निघाली! मी तेव्हा नव्वदीच्या घरात असेन, आणि तोवर पिशव्यांचे कापड टिकणार नाही. पण याच जागी दोनच पिशव्या ठेवल्या, तर एकेकीची वर्षाला सव्वीस वेळा पाळी, आणि पाच वर्षांत कर्ज फिटते. पिशवी तीच, कापड तेच. फरक फक्त खणातल्या ढिगाचा.

मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले. गेल्या कित्येक संक्रांतींना रात्री जागून शिवलेल्या त्या पिशव्या. मला वाटत होते, आपण पृथ्वीचे भले करतो आहोत. आणि त्या कुणाच्या ना कुणाच्या ओट्याखाली कर्ज घेऊन पडल्या आहेत.

मी जरा रागानेच लेकीला म्हटले, "मग काय, प्लॅस्टिकच बरं म्हणायचं?" ती म्हणाली, "तसं मुळीच नाही. माप कशाचं धरलं ते आधी बघ. त्या १३१मध्ये हवा तापण्याचं माप आहे. गटार तुंबल्याचं, गाईच्या पोटात पिशवी गेल्याचं त्यात नाही. हिशेब वाचणाऱ्यानं, त्यात काय धरलं नाही, हे आधी विचारायचं." २०१९ आणि २०२१ सालचे पंचगंगेचे महापूर आपण पाहिले आहेत. पाणी ओसरल्यावर कुंपणांवर आणि झाडांवर काय लटकत होते, तेही पाहिले आहे. त्यामुळे हे मला लगेच पटले. पिशवी कापडीच हवी. मात्र ती नवी नको, जास्त नको, आणि असेल ती झिजेपर्यंत वापरायला हवी.

या वर्षी दिवाळीला ती आली तेव्हा एक छोटा डबा घेऊन आली. तिच्या प्रबंधाचा विषय आहे फाउंड्रीतली टाकाऊ वाळू. जळालेल्या वाळूच्या कणावर मातीचे आणि कोळशाचे करपलेले कवच चढते. ते घासून किंवा तापवून काढले, तर तोच कण पुन्हा साच्याला वापरता येतो का, आणि त्याला लागणारी वीज धरूनही ते परवडते का, हे ती तपासते. म्हणजे नवी वाळू उपसायला नको आणि जुनी कुठे टाकायची हा प्रश्नही नको. डब्यात तिने साफ केलेल्या आणि पुन्हा माती मिसळून भिजवलेल्या वाळूचा नमुना होता.

यांनी डबा उघडला. मूठभर वाळू घेऊन घट्ट दाबली, मूठ उघडली, तयार झालेला गोळा मधोमध मोडला आणि कडा पाहिली. जुने मोल्डर अशीच वाळू पारखतात. मग म्हणाले, "बांधणी बरी आहे. ओल कमी पडली." लेकीने पिशवीतून कागद काढला. प्रयोगशाळेच्या यंत्राने काढलेला ओलाव्याचा आकडा त्यावर होता, आणि तोही हव्या त्यापेक्षा कमीच होता. ती बाबांकडे बघतच राहिली. हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते दोनदा जेवायला बसले असे म्हटले तरी चालेल, इतके खूश होते. दुसऱ्या दिवशी मी यांचे कपडे भिजत घातले, तेव्हा बादलीतली काळी वाळू मला पहिल्यांदाच नुसती घाण वाटली नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा सांगाविशी वाटली आणि आजही सांगते. ही वाळू बारीक होऊन हवेत उडते आणि छातीत बसली की निघत नाही. त्या आजाराला उतार नाही. लेकीच्या अभ्यासात कामगाराच्या श्वासाचाही हिशेब धरतात. तेव्हा ज्यांच्या घरची माणसे फाउंड्रीत आहेत, त्यांनी त्यांना तोंडाला मास्क लावल्याशिवाय कामाला बसू देऊ नये. नुसता रुमाल पुरत नाही.

आता ज्यांच्या मुली इंजिनियरिंगला आहेत, त्यांच्यासाठी थोडी माहिती. यंत्र, उत्पादन, धातू, रसायन यांपैकी कोणत्याही शाखेची पदवी असली, तरी या विषयाकडे जाता येते. गेटची परीक्षा आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आळीपाळीने घेतात. तिचे गुण तीन वर्षे चालतात, आणि मुलींना अर्जाची फी निम्मी असते. गेटमधून प्रवेश मिळाला, की बहुतेक सरकारी संस्थांत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. आमची थोरली आपला खानावळीचा आणि वसतिगृहाचा खर्च त्यातच भागवते. पहिल्या महिन्यांत विद्यावेतन उशिरा आले, तेव्हा मी माझ्या भिशीचे पैसे पाठवले होते. तेवढी तयारी ठेवावी.

पुढे नोकरी काय, हे मीही विचारले होते. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना आता दर वर्षी आपल्या वीजपाण्याचा आणि धुराचा हिशेब जाहीर करावा लागतो. युरोपात लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट असा माल पाठवायचा, तर तो करताना किती वायू हवेत गेला ते सांगावे लागते, आणि २०२६ सालापासूनच्या मालावर पैसेही मोजावे लागतात. हा हिशेब करणारी माणसे कारखान्यांना हवीच आहेत. ज्या बाईंनी मला "कचराच मोजणार" म्हटले, त्यांना आता मी सांगू शकते, की होय, मोजणार, आणि मोजल्याशिवाय तो कमीही होणार नाही.

भगिनींनो, आता शेवटचे आणि मुद्द्याचे. येत्या संक्रांतीला आपण नवे ठाण आणू नये, अशी माझी सूचना आहे. ज्यांच्याकडे पिशव्या पडून आहेत, त्यांनी त्या मंडळात आणून द्याव्यात. त्या आपण धुऊन, बंद आणि तळ पक्के करून मंडईच्या तोंडाशी एका पेटीत ठेवू. पिशवी विसरलेल्या माणसाने न्यावी आणि पुढच्या खेपेला परत आणून टाकावी. थोड्या पिशव्या कमी पडल्या, तर जुन्या साड्यांच्या शिवू. साडीने आपले कर्ज नेसूनच फेडलेले असते, तिच्या पिशवीला फक्त दोऱ्याचा खर्च.

ठाणाचे जे पैसे वाचतील, त्यांतून दर वर्षी आपल्या वस्तीतल्या एका मुलीची परीक्षेची फी आणि पुस्तके द्यावीत. ती कोणत्याही विषयाची असो, आणि दहावीची असली तरी चालेल. माझ्या वेळी सायकल एकच होती. आता मंडळाने मनावर घेतले, तर निदान एका मुलीला तरी घरी थांबावे लागणार नाही.

काहीजणींना वाटेल, वाणात काही द्यायचे नाही म्हणजे कसे दिसेल? मला स्वतःलाही तसे वाटते. हळदीकुंकू, तिळगूळ आणि मूठभर गहू एवढ्यावर आपल्या सासवांची संक्रांत होत असे, हे मात्र आठवून पाहावे. यावर कार्यकारिणीने चर्चा करावी. मला कोणी विरोध केला, तर मी वही घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर त्रैराशिक मांडीन.

बाहेर पडताना दाराशी एक वेताची टोपली ठेवली आहे. येत्या शनिवारी घरातल्या पडून असलेल्या पिशव्या त्यात आणून टाकाव्यात. माझ्या पंधरा पिशव्या मी आजच टाकल्या आहेत. दोन घरी ठेवल्या.